देवडी आणि माजघर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत एक दिवस आम्हांस द्यावा असे कार्यकारिणीने ठरविले, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, ‘वेब सर्व्हर आणि जावा ॲप्लिकेशन सर्व्हर यांची जोडणी’. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “म्हणजे संतवाङ्मयावर नाही?” त्यांचे आश्चर्य अगदीच अनाठायी नव्हते. आम्ही मराठी विषय घेऊन बी.ए. झालो. गणेशोत्सवातील नाटकांना पडद्यामागून प्रॉम्प्टिंग करणे, एवढीच या मंडळात आमची ख्याती. यंत्रशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. परंतु केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला कोणता विषय कधी येऊन भिडेल याचा नेम नसतो. हा विषय आम्हांस भिडला आणि त्यापायी एका वृद्ध गृहस्थावर आमच्या हातून अन्याय झाला. तो कसा झाला हे सांगण्यासाठी आधी थोडे यंत्राविषयी बोलणे भाग आहे.

आपल्यापैकी पुष्कळांचे बालपण वाड्यात गेले असेल, निदान आजोळी तरी वाडा असेल. दिंडीदरवाजातून आत शिरले की देवडी लागे. देवडीवर माणूस बसलेला असे. कोण आले, कशासाठी आले, हे तो विचारी. पत्ता विचारणाऱ्याला तो तिथूनच वाटेला लावी. मात्र धान्य मोजून द्यायचे, हिशेब पाहायचा, जेवायला घालायचे, तर निरोप आत माजघरात जाई आणि उत्तर तिथून येई. आलेल्या परक्याने माजघरात पाऊल टाकावयाचे नाही, आणि माजघराने रस्त्यावर तोंड काढावयाचे नाही, ही त्या वाड्याची शिस्त होती.

कोणत्याही कार्यालयाचे संकेतस्थळ आपण उघडता, तेव्हा बहुधा अशाच एका देवडीशी आपली गाठ पडते. तिला वेब सर्व्हर म्हणतात. चित्रे, ठरलेली पाने, छापील नमुने ही तिच्या हाताशीच असतात. ती ताबडतोब देते. परंतु आपला अर्ज कुठवर आला, किती रक्कम मंजूर झाली, हे सांगायचे म्हणजे कोणीतरी आत जाऊन खातेवही पाहून, हिशेब करून उत्तर तयार केले पाहिजे. हे काम आतील ॲप्लिकेशन सर्व्हर करतो. आमच्या कार्यालयात देवडीवर अपाचे होता आणि माजघरात जावा भाषेतील कार्यक्रम चालविणारा टॉमकॅट.

अपाचे १९९५ सालचा, आणि जावा भाषा जगापुढे आली तीही १९९५ सालीच. टॉमकॅट मूळचा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीचा. १९९९ साली तिने तो अपाचे संस्थेला देऊन टाकला. त्याचा मूळ कर्ता जेम्स डंकन डेव्हिडसन याला असे नाव हवे होते की जे एखाद्या प्राण्याचे असेल आणि जो प्राणी स्वतःचे स्वतः निभावून नेईल. म्हणून टॉमकॅट, म्हणजे आपल्या भाषेत बोका. या विषयावरील पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो प्राणी यावा अशीही त्याची इच्छा होती. २००३ साली पुस्तक निघाले तेव्हा मुखपृष्ठावर बिचाऱ्या बोक्याच्या जागी हिमबिबट्या बसला होता. असो.

बोका जर इतका स्वावलंबी, तर त्याला देवडीची गरजच काय, असा प्रश्न आम्हीही विचारला होता. टॉमकॅट स्वतः लोकांच्या विनंत्या घेऊ शकतो; त्यासाठी तो ८०८० क्रमांकाचे दार उघडून बसतो. परंतु जगाला ठाऊक असलेली दारे ८० आणि ४४३. युनिक्स घराण्यातील यंत्रांवर जुन्या रिवाजानुसार १०२४ च्या खालचे कोणतेही दार उघडण्याचा अधिकार केवळ यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याचा. अपाचे हा अधिकार घेऊन दार उघडतो आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्यांशी व्यवहार करण्यासाठी अधिकारहीन नोकर नेमतो. जावाच्या कार्यक्रमाला असा अधिकार घेऊन लगेच सोडून देणे सोपे नाही; तो सर्वाधिकारी म्हणून चालवावा, तर चोर आत शिरलाच तर साऱ्या घराच्या किल्ल्या त्याच्या हाती पडतात. शिवाय एका देवडीमागे अनेक बिऱ्हाडे राहू शकतात. आमच्याकडे आस्थापनेचे एक, निवृत्तिवेतनाचे एक, वैद्यकीय खर्चाचे एक अशी तीन बिऱ्हाडे एकाच दाराआड होती.

देवडी आणि माजघर एकमेकांशी बोलणार कसे, यावर पुष्कळ खल झालेला आहे. एकामागून एक जोडण्या निघाल्या. मॉड-जेके नावाची टिकली, तिची सुधारलेली आवृत्ती म्हणून काढलेली मॉड-जेके-दोन २००४ साली सोडून देण्यात आली, आणि पुढे २००५ च्या अखेरीस अपाचेच्या २.२ या आवृत्तीबरोबर त्याची स्वतःची जोडणी आली. सुधारणा म्हणून काढलेली वस्तू मोडीत निघावी आणि जुनी मात्र चालत राहावी, हे सरकारी नोकरास नवलाचे वाटत नाही.

या जोडण्यांची भाषा मात्र एकच. तिचे नाव एजेपी, आवृत्ती १.३, आणि तिचे दार ८००९. ही भाषा आम्हांस अतिशय रोचक वाटली. आपल्यातील वडीलधाऱ्यांना शुभेच्छांच्या तारा आठवत असतील. सबंध वाक्य न पाठवता त्याचा ठरलेला क्रमांक पाठवायचा आणि पलीकडच्या तारघराने त्या क्रमांकाचे वाक्य लिहून द्यायचे. एजेपी अगदी हेच करते. ब्राउझरकडून येणाऱ्या प्रत्येक विनंतीच्या कपाळावर ठरावीक शीर्षके असतात. ती अक्षरशः न लिहिता त्यांचे दोन-दोन बाइटांचे क्रमांक आत पाठविले जातात. प्रत्येक पुडके सामान्यतः ८१९२ बाइटांपेक्षा मोठे असत नाही. बाहेरून आत जाणाऱ्या पुडक्याच्या आरंभी सोळाच्या पायावरील १२३४ ही खूण असते, आतून बाहेर येणाऱ्याच्या आरंभी ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन अक्षरे. यामुळे कुणी कुणाला लिहिले याचा घोळ होत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि आजच्या कथेचे मूळ हीच आहे. प्रत्येक विनंतीसाठी नवी वाट खणणे खर्चाचे म्हणून देवडी एकदा वाट उघडली की ती मिटवीत नाही. एक विनंती गेली, उत्तर आले, की तीच वाट पुढच्या विनंतीसाठी राखून ठेवते. अशा पाच-पन्नास वाटा सदैव उघड्या असतात. कोणीही चालत नसले तरी त्या उघड्याच आहेत अशी देवडीची समजूत असते.

२०१६ साली आमची नेमणूक पूर्वेकडील एका शहरात होती. आमच्या कार्यालयाने सेवानिवृत्तांसाठी वैद्यकीय खर्चाच्या परताव्याचे अर्ज संकेतस्थळावर घेण्यास आरंभ केला होता आणि त्या शाखेचे प्रमुखपद आमच्याकडे होते. कागदी अर्ज बंद झाले. परिपत्रकाखाली सही आमचीच.

नोव्हेंबरात एका वृद्ध गृहस्थाची तक्रार आली. ते तारखात्यातून निवृत्त झालेले. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, त्याच्या कितीतरी आधी त्यांची नोकरी संपली होती. पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या खर्चाचा अर्ज ते भरू पाहत होते आणि शेवटचे बटण दाबले की पडद्यावर चक्र फिरत राही. मुदत जवळ येत चालली होती. आम्ही तंत्रशाखेकडे विचारणा केली. देवडी सांभाळणाऱ्या गटाने लिहिले, आमचे यंत्र सुरू आहे. माजघर सांभाळणाऱ्या गटाने लिहिले, आमचेही यंत्र सुरू आहे. आम्ही स्वतः अकरा वाजता एक अर्ज भरून पाहिला, चुटकीसरशी गेला. तेव्हा आम्ही टिपणीवर शेरा मारला, ‘दोन्ही यंत्रे कार्यरत. तक्रार निराधार. प्रकरण बंद करावे.’ गृहस्थांना कळविले की दोष त्यांच्या संगणकात असावा.

मुदत उलटली. त्यांचा अर्ज उशिरा आला म्हणून फेटाळण्यात आला.

डिसेंबरात त्यांचे दुसरे पत्र आले. त्यात आरोप नव्हता, विनवणी नव्हती. एका वहीतील दोन पाने नक्कल करून जोडली होती. तारखा आणि वेळा. पहाटे ५.१०, बटण दाबले. ५.१५, निराशा. ५.१७, पुन्हा. ५.२२, निराशा. अशा अठरा दिवसांच्या नोंदी, जन्मभर संदेशावर मिनिटांचा शिक्का मारणाऱ्या माणसाच्या हातच्या. शेवटी दोन ओळी होत्या. आमच्या वेळी पहिला संदेश धाडण्यापूर्वी पलीकडचे ठाणे जागे आहे की नाही हे तारेवरून विचारून घेत असू. आपल्याकडे तशी चाल आहे काय?

ते पत्र घेऊन आम्ही बराच वेळ बसून राहिलो. पहाटे पाच! आम्ही अकराला पाहिले, तंत्रज्ञ दहाला येत, आणि आमचे अर्जदार सारे सत्तरीच्या पुढचे, पहाटे उठणारे. संध्याकाळी यंत्रशाखेतील एका तरुण अभियंत्याला आम्ही ती पाने दाखविली. त्याने देवडीची नोंदवही काढली. पहाटेच्या विनंत्या तिच्यात होत्या, पण प्रत्येकीपुढे सुमारे पंधरा मिनिटांचा काळ लागला होता. माजघराच्या वहीत त्या वेळेस काहीच नव्हते. निरोप देवडीवरून निघाला होता आणि माजघरात पोचलाच नव्हता.

देवडी आणि माजघर यांच्या मध्ये सुरक्षेसाठी एक फायरवॉल बसविलेली होती. चालू असलेल्या प्रत्येक वाटेची ती आपल्यापाशी नोंद ठेवी. एखाद्या वाटेवर तासभर कोणी चालले नाही तर ती नोंद खोडून टाकी आणि याची वार्ता कोणालाच देत नसे. रात्री अकरानंतर आमच्या संकेतस्थळावर सामसूम. पहाटेपर्यंत साऱ्या वाटा तिच्या लेखी पुसलेल्या, परंतु देवडीच्या लेखी उघड्या. पहिला वृद्ध अर्जदार येई, देवडी त्याचा निरोप अशा मेलेल्या वाटेवर सोडी. फायरवॉल तो निरोप मुकाट्याने गिळी. नकार आला असता तर देवडीने तात्काळ दुसरी वाट खणली असती. पण मौनाला ती काय करणार? यंत्राची प्रणाली तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवीत राही आणि पंधरा मिनिटांनी हात टेकी. माणसाचा ब्राउझर त्याआधीच कंटाळलेला. त्याने पुन्हा बटण दाबले की दुसरी मेलेली वाट. अशा साऱ्या वाटा एकेक करून संपत आणि नव्या उघडल्या जात, तोवर नऊ-साडेनऊ होत. मग कार्यालय भरे आणि सर्व काही सुरळीत दिसे. पहाटे उठणाऱ्या म्हाताऱ्यांनी रोज आपल्या अर्जांची आहुती देऊन आमच्यासाठी रस्ता मोकळा करून ठेवावा आणि आम्ही अकरा वाजता येऊन त्यांस खोटे ठरवावे, असा तो प्रकार होता.

वाट जिवंत राहावी म्हणून प्रणाली अधूनमधून एक हलकी चाचपणी करू शकते. परंतु ती सोय मुद्दाम सुरू करावी लागते आणि सुरू केली तरी लिनक्सवर तिचा पहिला ठोका दोन तासांनी पडतो. फायरवॉल तासाभरात विसरते. दोन्ही आकडे आपापल्या जागी शहाणपणाचे, आणि एकत्र निरुपयोगी. अशी आणखीही एक जोडी आमच्याकडे निघाली. देवडीवर एका वेळी २५६ माणसे घेण्याची मुभा होती, माजघरात २०० हात काम करणारे. गर्दीच्या दिवशी छप्पन्न माणसे आत घेतलेली आणि विचारपूस करणारे कोणी नाही, अशी स्थिती उद्भवे. आकडे जमवून घेणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते, कारण जोडणी ना देवडीची ना माजघराची. तिची जबाबदारी नेमून देणे हे शाखाप्रमुखाचे काम होते, म्हणजे आमचे.

दुरुस्ती साधी होती. रिकामी वाट दहा मिनिटांनंतर दोन्ही बाजूंनी आपणहून मिटवावी, म्हणजे फायरवॉलने विसरण्याची वेळच येणार नाही. पण येथेही एक गंमत झाली. देवडीकडे हा काळ सेकंदांत लिहितात आणि टॉमकॅटकडे सेकंदाच्या हजाराव्या भागांत. पहिल्या दिवशी दोन्हीकडे ६०० लिहिले गेले. देवडीने दहा मिनिटे मानली आणि बोक्याने सेकंदाच्या सहा-दशांशात वाट तोडण्यास आरंभ केला. नोंदवही तुटीच्या नोंदींनी भरून गेली. दुसऱ्या दिवशी आत ६,००,००० लिहिले तेव्हा शांतता झाली.

दुसरा उपाय त्या तारमास्तरांनी सुचविलेलाच होता. एजेपी भाषेत तो आहेच, फक्त आमच्याकडे कोणी सुरू केला नव्हता. देवडी निरोप पाठविण्याआधी एक इवलेसे पुडके आत धाडते, त्याला सीपिंग म्हणतात. आतून सीपाँग आले तर वाट जिवंत. आम्ही दहा सेकंदांची मर्यादा घातली. तेवढ्यात उत्तर नाही आले, तर ती वाट सोडून नवी उघडायची.

ही जोडणी विश्वासावर चालते, आणि त्या विश्वासाची दुसरी बाजू आम्हांस पुढे २०२० साली पाहावयास मिळाली. देवडी सांगेल ते माजघर खरे मानते. आलेला मनुष्य कोण, कुठल्या पत्त्यावरून आला, त्याची ओळख पटली आहे की नाही, हे सारे देवडीच्या शब्दावर. मग देवडीला वळसा घालून कोणी थेट ८००९ च्या दाराशी गेला आणि देवडीच्याच भाषेत बोलू लागला तर? टॉमकॅट ते दार वर्षानुवर्षे आपणहून उघडे ठेवीत असे, आणि तेही सर्व बाजूंनी. फेब्रुवारी २०२० मध्ये हा दोष जाहीर झाला. त्याला घोस्टकॅट असे नाव पडले. आमच्या शाखेत सगळे त्याला भुताचा बोका म्हणत. त्या दाराने आत शिरलेल्याला कार्यक्रमाच्या घरातील खासगी कागद वाचता येत, आणि कार्यक्रमात लोकांकडून फायली घेण्याची सोय असेल तर आपला हुकूमही चालविता येई. वैद्यकीय बिले जोडून घेणाऱ्या आमच्यासारख्यांकडे ती सोय होतीच. सुधारलेल्या आवृत्त्यांत (९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१००) ते दार मुळात बंद ठेवले गेले. उघडायचेच तर केवळ घरातल्या घरात, आणि दोन्ही बाजूंना ठाऊक असलेला गुप्त शब्द ठरवून. आम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो शब्द ठरविला. कोणता, ते येथे सांगत नाही. चिटणीसांनी विचारून पाहिले आहे.

अलीकडे पुष्कळ ठिकाणी एजेपी सोडून देवडी आणि माजघर नेहमीच्या एचटीटीपीनेच बोलतात. देवडीवरही अपाचेऐवजी एन्जिन-एक्स दिसतो, आणि काही जण तर टॉमकॅटला कार्यक्रमाच्या पोटातच बसवून देतात. भाषा सोपी झाली, पण तिचा एक कर भरावा लागतो. एजेपीत पाहुण्याचा मूळ पत्ता निरोपाबरोबरच आत जाई. आता माजघराला प्रत्येक पाहुणा देवडीच्याच पत्त्यावरून आलेला दिसतो. मूळ पत्ता वेगळ्या शीर्षकात लिहून पाठवावा लागतो आणि ते शीर्षक केवळ आपल्या देवडीने लिहिले असेल तरच मानायचे, असे आत बजावून ठेवावे लागते. हे बजावणे राहून गेल्यामुळे एका कार्यालयात वर्षभराचे सारे अर्जदार एकाच पत्त्यावर राहत असल्याचे नोंदले गेले. एकत्र कुटुंबपद्धतीचा एवढा मोठा नमुना आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

आता त्या प्रकरणाचे काय झाले ते सांगतो. ‘निराधार’ हा शब्द आमच्या हाताने खोडून आम्ही टिपणी नव्याने लिहिली. दोष कार्यालयाच्या जोडणीत होता, पहिली चौकशी अपुरी होती आणि ती आम्ही केली होती, असे तिच्यात नमूद केले. हे वरिष्ठांना रुचले नाही. एवढे स्पष्ट लिहिण्याचे कारण काय, अशी विचारणा झाली. नोंदवहीतील पंधरा-पंधरा मिनिटांच्या ओळी आणि वहीची ती दोन पाने आम्ही जोडून दिली. मग त्या दोन महिन्यांत पहाटे अडकलेल्या सर्वच विनंत्या शोधण्याचे ठरले. नावे जुळवता जुळवता एकतीस माणसे सापडली. त्यांतील नऊ जणांनी कंटाळून अर्ज भरण्याचे सोडूनच दिले होते. त्यांना पत्रे गेली. मुदत शिथिल होऊन तारमास्तरांची रक्कम मार्चअखेर त्यांच्या खात्यात जमा झाली. त्यांच्या पत्नी तोवर काठी घेऊन चालू लागल्या होत्या.

आम्ही त्यांना कार्यालयाच्या वतीने दिलगिरीचे पत्र पाठविले. त्याखाली काय दुरुस्ती केली हेही चार ओळींत लिहिले, कारण ते त्यांना समजेल अशी खात्री होती. आठवड्याने त्यांचे पोस्टकार्ड आले. त्यात आभार नव्हते. पलीकडचे ठाणे जागे आहे की नाही हे आता दररोज पहाटे एकदा विचारता, की प्रत्येक संदेशाआधी, एवढाच प्रश्न होता.

प्रत्येक संदेशाआधी, असे आम्ही उलट टपाली कळविले.